कोलोनसची टेकडी

अथेन्सला गेलेला प्रवासी प्रथम अॅक्रोपोलिसकडे धांव घेतो, आणि त्यांत गैर असें कांहींच नाहीं. परंतु ज्यानें सॉफोक्लीसचें एखादें नाटक घरीं मन लावून वाचलें आहे, त्यानें एक सकाळ शहराच्या वायव्येकडील कोलोनसच्या टेकडीसाठीं राखून ठेवावी, अशी आमची शिफारस आहे. टेकडी कसली, उंचवटाच म्हणावयाचा! चोहोंकडे मजल्यांवर मजले चढलेलीं घरें, मध्यें थोडीशी झाडी, आणि माथ्यावर दोन विद्वानांचीं संगमरवरी स्मारकें. एक १८४० सालीं अथेन्समध्यें वारलेल्या म्युलर या जर्मन पंडिताचें, व दुसरें १८५९ सालीं तेथेंच निवर्तलेल्या लनॉर्मां या फ्रेंच पुराणवस्तुशास्त्रज्ञाचें. प्राचीन ग्रीसच्या अभ्यासांत आयुष्य वेंचलेल्या या दोघांची आठवण याच जागीं ठेवावी असें कोणाला तरी सुचलें, हें उचितच झालें.

कारण सॉफोक्लीस याच गांवचा. इ. स. पू. ४०६ च्या सुमारास, नव्वदीच्या घरांत असतां तो वारला; आणि अखेरच्या वर्षांत जें नाटक त्यानें लिहिलें त्याचें स्थळ म्हणून त्यानें आपलें जन्मगांवच निवडलें. रोषमूर्ति देवतांची एक देवराई येथें होती, तींत पाऊल ठेवण्यासही मज्जाव असे. आंधळा, देशोधडीस लागलेला ईडिपस अँटिगनी या आपल्या मुलीचा हात धरून नेमका तेथेंच येऊन दगडावर बसतो, आणि ‘कोलोनस येथील ईडिपस’ या नाटकास आरंभ होतो. बापाचा वध व आईशीं विवाह हीं घोर पातकें नकळत हातून घडलीं असें समजतांच या राजानें स्वतःचे डोळे फोडून घेतले, ही पूर्वकथा वाचकांस ठाऊक असेलच. गांवचे वृद्ध त्याचें नांव ऐकतांच त्याला हांकलूं पाहतात. पण अथेन्सचा राजा थीसिअस त्याला आश्रय देतो.

पुढें त्याच वृद्धांच्या तोंडीं कवीनें आपल्या गांवाचें वर्णन घातलें आहे. त्यांत उमदे घोडे आहेत, वेलींच्या दाटींत गाणारे बुलबुल आहेत, केशराचीं फुलें, ऑलिव्हचीं झाडें व कधीं न आटणारी केफिसस नदी आहे. आज ती नदी शहरांतून जातांना बरीचशी मोटाररस्त्याखालीं दडली आहे, आणि बुलबुल आम्हांस तरी ऐकूं आले नाहींत. परंतु कवि हें लिहीत होता तेव्हांही दिवस सुखाचे नव्हते. इ. स. पू. ४१३ पासून स्पार्टाचें सैन्य डेकेलिया येथें ठाण मांडून आसमंतांतील शेतीवाडी उजाड करीत होतें. ४०४ सालीं अथेन्स शरण गेलें. ४०१ सालीं कवीच्या नातवानें हें नाटक रंगभूमीवर आणलें. हरलेल्या शहरानें हें वर्णन कशा मनानें ऐकलें असेल!

सिसेरोनें वार्धक्यावरील आपल्या ग्रंथांत एक आख्यायिका दिली आहे. म्हाताऱ्याची बुद्धि चळली, सबब कारभार त्याच्या हातून काढून घ्यावा, अशी फिर्याद सॉफोक्लीसच्या मुलांनींच केली. त्यानें न्यायाधीशांस हेंच नाटक वाचून दाखविलें, आणि हें चळलेल्या बुद्धीचें काव्य वाटतें काय, असें विचारलें. तो अर्थातच सुटला. गोष्टीच्या खरेपणाविषयीं पंडितांस शंका आहे, व आम्हांसही ती जरा जास्तच नीटनेटकी वाटते. पण ती या नाटकालाच कां चिकटली असावी, हें वाचणाऱ्याच्या ध्यानांत येतें.

आमच्या घरीं हें नाटक रात्रीच्या जेवणानंतर, इंग्रजी भाषांतरावरून मराठींत सांगत, सर्वांनीं मिळून वाचलें. धाकट्या भावानें हांकलून दिलेला थोरला मुलगा पॉलिनायसीज सैन्य जमवितो आणि बापाच्या पायांशीं येतो. मीं तुमची हेळसांड केली, अशी कबुली तो स्वतःच देतो. बाप आधीं कांहीं बोलतच नाहीं. आणि बोलतो तेव्हां शाप देतो कीं, तुम्ही दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मराल. हें ऐकून आमच्या आत्याबाई एकदम म्हणाल्या, “अरे, पोरगा येऊन चुकलों म्हणाला, आणि वर शाप? हा कसला बाप!”

थोरले बंधु म्हणाले, “आत्या, तो बापासाठीं नव्हता आला. बाप ज्या बाजूला त्या बाजूचा जय, असें भाकित होतें, म्हणून आला.”

“कशासाठीं कां येईना, आला ना?”

त्यानंतर बराच वेळ कोणी पुढें वाचा असें म्हणालें नाहीं. आम्हांस धृतराष्ट्र आठवत होता. तोही आंधळा, त्याचेंही घर राज्याच्या वांटणीपायीं बुडालें. पण तेथें बापाच्या तोंडून वेळेवर कठोर शब्द निघाला नाहीं म्हणून. ईडिपसजवळ कठोर शब्दांवांचून मुलासाठीं दुसरें कांहीं उरलेंच नव्हतें. कवि बापाच्या पक्षाचा आहे असें कित्येक टीकाकार मानतात. मेघगर्जना होते, देव त्याला बोलावतात, हें खरें. पण अँटिगनीच्या तोंडचीं वाक्यें कोणी लिहिलीं? तुम्ही त्याला जन्म दिला आहे, त्यानें कितीही वाईट केलें तरी तुम्ही उलट वाईट करूं नये, वाईट मुलें इतरांनाही असतात, असें ती सांगते. मुलगे घरीं बसले आणि मुली माझ्यासाठीं रानोमाळ हिंडल्या, असें बाप जिच्याविषयीं बोलतो तीच ही. तिच्या शब्दाखातर तो मुलाचें म्हणणें ऐकून घेतो; क्षमा मात्र करीत नाहीं. टेकडीवर उभें असतां आमच्या मनांत देवांपेक्षां ही मुलगीच अधिक घोळत होती.

इतका वेळ हात धरून चालविला गेलेला आंधळा शेवटीं आपण होऊन उठतो आणि डोळसांस वाट दाखवीत पुढें चालूं लागतो. त्याचा अंत एकट्या थीसिअसनें पाहिला, आणि त्यानेंही डोळ्यांवर हात धरला होता. ती जागा कोणास सांगावयाची नाहीं, मुलींसही नाहीं, अशी ईडिपसची आज्ञा. अँटिगनी बापाची समाधि पाहूं मागते, नकार मिळतो. मग ती म्हणते, आम्हांला थीबीजला पाठवा, भावांचें मरण अजून टाळतां आलें तर पाहूं. तिचें तेथें काय होणार, हें याच कवीच्या सुमारें चाळीस वर्षांपूर्वींच्या नाटकावरून प्रेक्षकांस ठाऊक होतें.

टेकडी उतरून आम्ही लारिसा स्थानकापर्यंत पायींच आलों. उत्तरेकडे जाणारी आगगाडी तेथून सुटते. तिच्या वाटेवर थीबीज लागतें.