पांगुळगाड्याचा मुक्काम

पांगुळगाडा हे कोकणी घरातले असे एक साधन आहे की एका मुलाला त्याचा उपयोग जेमतेम चार-सहा महिने होतो, पण घरात मात्र ते चाळीस-पन्नास वर्षे टिकून असते. पुढे एक चाक, मागे दोन, त्यांना जोडणारा लाकडी सांगाडा आणि मागच्या अंगाला मुलाच्या छातीइतक्या उंचीवर धरायला एक आडवी दांडी, एवढीच त्याची रचना असते. मूल दांडीला धरून उभे राहते, अंगाचा भार पुढे टाकते, गाडा हात-दीड हात सरकतो आणि त्याच्या मागून पाऊल टाकणे मुलाला भाग पडते. एखाद्या माणसाच्या आयुष्यातून ही वस्तू किती वेळा आणि कोणकोणत्या कामासाठी फिरून येते हे पाहायचे असेल, तर साधारण १९८० च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावर्ड्यासारख्या गावात जन्मलेल्या मुलाचा माग काढणे सोयीचे ठरते, कारण त्या पिढीच्या एका टोकाला गावातला सुतार आहे आणि दुसऱ्या टोकाला घरपोच येणारा प्लास्टिकचा वॉकर.

मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणच्या दक्षिणेला वसलेले सावर्डे बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते मुख्यतः कातासाठी. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून जो अर्क निघतो तो आटवून कात तयार होतो आणि पुढे विड्याच्या पानावर जातो. खैराचे लाकूड कठीण. मुसळे आणि नांगराचे भाग करायला ते पूर्वापार वापरले जाते. त्यामुळे सांगाडा फणसाच्या किंवा शिवणीच्या उरल्यासुरल्या फळ्यांचा असला, तरी सर्वांत जास्त झिजणारा भाग, म्हणजे चाके ज्यावर फिरतात तो आस, खैराचा करण्याइतके लाकूड अशा गावात हाताशी असे. तिकडे सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी बनत आली आहेत आणि त्यांचे नाव सर्वदूर झाले. गावच्या सुताराने दाराच्या चौकटीचे काम संपवून संध्याकाळी ठोकून दिलेल्या पांगुळगाड्याला मात्र रंग नसे, नाव तर नसेच. त्याची मजुरीही बहुधा पायलीभर भातात किंवा पुढच्या कामाच्या हिशेबात मुरून जाई.

त्या गाड्याचा आवाज हा त्याच्या उपयोगाचाच एक भाग होता. लाकडावर लाकूड फिरले की करकर होते आणि आसावर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले की ती थांबते. पण जाणत्या बायका ते तेल सोडत नसत, कारण चुलीपुढे बसलेल्या बाईला मूल ओटीवर आहे, पडवीत आहे की न्हाणीच्या दिशेने निघाले आहे, हे मान न वळवता त्या करकरीवरून कळे, आणि करकर अचानक थांबली तर हातातले टाकून उठावे लागे, कारण रांगत्या-चालत्या मुलाची शांतता बहुधा कशाला तरी तोंड लावल्याची असते.

मूल केव्हा चालावे याबद्दल घरोघरी जी घाई असते तिला शास्त्राचा फारसा आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील ८१६ मुलांच्या निरीक्षणावरून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कुठेही येऊ शकतो. म्हणजे शेजारच्या घरातले मूल दहाव्या महिन्यात अंगणभर फिरते आणि आपले चौदाव्यातही भिंत सोडत नाही, एवढ्यावरून कोणाच्याही दुधात, तेल-मालिशीत किंवा सुनेच्या हलगर्जीपणात खोट काढता येत नाही. (काढली जाते, हा भाग वेगळा.) चालणे शिकण्याची मेहनत किती असते याचा अंदाज न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून येतो: साधारण एक ते दीड वर्षाची मुले मोकळेपणी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. हे पडणे हाच त्या शिक्षणाचा अभ्यासक्रम आहे, आणि पांगुळगाडा तो रद्द करत नाही. तो जड असतो, उंबऱ्याला अडतो, दांडी सुटली की मूल बसकण मारते आणि पुन्हा उठते.

कोकणात या शिक्षणाला ऋतूचाही हात लागतो. पावसाळा संपला की घरापुढचे खळे चोपण्याने चोपून, शेणाने सारवून भाताच्या झोडणीसाठी तयार केले जाते, आणि दिवाळीनंतर पायावर आलेल्या मुलाला हे गुळगुळीत, पण घसरड नसलेले मैदान आयते मिळते. आषाढात पायावर येणाऱ्याचे नशीब तितके चांगले नसते. बाहेर चिखल, आई लावणीला, पाठचे-पुढचे भावंड कडेवर घेऊन कंटाळलेले, आणि आजीच्या ताब्यात असलेल्या ओल्या पडवीत गाडा फिरवायला दोन खांबांमधली जागा तेवढी उरते.

या सगळ्यात वडील बहुधा नसत. चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करून गावाकडचे घर चालवणारा कोकणी माणूस, शिमग्याला आणि गणपतीला येई, आणि मुलाची वाढ त्याला टपालाने कळे. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या खालच्या भागात निरोपासाठी थोडी जागा असे. तिच्यात पैशांच्या विनियोगाबरोबर मुलाची चौकशी बसवलेली असे, आणि तिचे उत्तर कार्डावर जाई, जे आईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पुतण्याच्या अक्षरात. अशा कार्डांत बाळाचा तपशील मोठा मोजका असे: दात आला, ताप येऊन गेला, धरून उभे राहते. कार्ड गिरणगावातल्या, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या वस्तीतल्या, खोलीवर पोचून, रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाने वाचेपर्यंत धरून उभे राहणारे मूल कदाचित दांडी सोडूनही उभे राहू लागलेले असे. बापाच्या मनातले मूल हे नेहमी खऱ्या मुलापेक्षा आठवडाभराने लहान असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार कामाबाहेर राहिले. संप लांबत गेला तसे अनेकजण आपापल्या गावी, कोकणात आणि घाटावर, परतले. या काळाचा इतिहास वेतन, संघटना आणि गिरण्यांच्या जमिनी यांच्या अंगाने लिहिला गेला आहे, आणि तो तसाच लिहायला हवा. तरी घराच्या अंगाने पाहिले तर एक विचित्र गोष्ट दिसते, ती अशी की पिढ्यान्‌पिढ्या टपालातून मुलांची खुशाली वाचणाऱ्या पुरुषांपैकी काहीजणांना त्या वर्ष-दीड वर्षात आपले मूल पहिले पाऊल टाकताना स्वतः पाहता आले. त्यात गोडवा शोधणे बरे नव्हे. मनीऑर्डर बंद झाली होती, नाचणीची आंबील मुलासाठी वेगळी काढून ठेवताना मोठ्यांच्या ताटात काय उरते याचा हिशेब होत होता, आणि खळ्यात गाड्यामागे वाकून चालणारा बाप हा मुळात बेकार माणूस होता.

मूल चालू लागले की गाड्याचा पहिला जन्म संपतो. पुढची दोन-तीन वर्षे तेच मूल त्यावर दगड, नारळाच्या करवंट्या आणि कधी धाकटे भावंड लादून ओढत नेते. मग चुलत घरातल्या बाळासाठी तो मागून नेला जातो आणि एक चाक कमी होऊन परत येतो. आणि शेवटी माळ्यावर, म्हणजे छपराखालच्या फळ्यांच्या साठवणीच्या जागेवर, जुन्या इरल्यांच्या आणि मोडक्या सुपांच्या शेजारी जाऊन बसतो. त्याचा धनी तोवर शाळेत गेलेला असतो. सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे सावर्ड्यात शिकण्याची सोय गावातच झाली, जवळच डेरवणला वालावलकर रुग्णालय उभे राहिले, १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेच्या मार्गामुळे गावाला स्टेशनही मिळाले. तरी शिकलेला मुलगा पोटापाण्यासाठी मुंबईकडेच गेला, फक्त आता त्याचा मुक्काम गिरणगावातल्या लालबागऐवजी विरार किंवा डोंबिवलीला पडला आणि बायको त्याच्याबरोबर गेली.

इथे खुशालीची दिशा उलटली. पूर्वी मूल सावर्ड्यात आणि वाट पाहणारा मुंबईत असे. आता मूल विरारच्या एका खोली-स्वयंपाकघरात असते आणि वाट पाहणारे दोघे सावर्ड्यात. मधली काही वर्षे एस.टी.डी. बूथची होती, जेव्हा रात्री उशिरा दर कमी होत म्हणून फोन तेव्हा केला जाई, आणि नेमके तेव्हा मूल झोपलेले असल्याने आजी-आजोबांना नातवाच्या आवाजाऐवजी त्याचे वर्णन ऐकून घ्यावे लागे. आता चित्र दिसते, पण तेही पुरते दिसत नाही. मूल चालताना दाखवावे म्हणून आईने फोन समोर धरला की मूल फोनच्याच दिशेने झेपावते, आणि पलीकडच्या दोघांना आधी एक कपाळ आणि मग फिरणारा पंखा दिसतो.

शहरातल्या त्या खोलीत पांगुळगाड्याच्या जागी गोल बैठकीचा, छोट्या चाकांचा वॉकर येतो, बहुधा बारशाच्या किंवा पहिल्या वाढदिवसाच्या भेटींतून. दोन्ही साधने एकाच कामाची वाटतात, पण त्यांचे तत्त्व उलट आहे. वॉकरमध्ये मूल उभे नसते, टांगलेले असते. ते चवड्यांनी जमीन ढकलते, तोल सांभाळायचे काम बैठक करते, आणि स्वतःच्या बळावर जितक्या वेगाने ते कधीच गेले नसते तितक्या वेगाने जिन्याकडे किंवा गरम भांड्याकडे पोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही तशीच मागणी केलेली आहे आणि वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, उलट थोडा उशीरच होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्याकडे तो दुकानांत राजरोस मिळतो. बैठक नसलेल्या आणि मुलानेच ढकलायच्या गाड्याला हा आक्षेप त्या प्रमाणात लागू होत नाही, मात्र पायरीजवळ त्यालाही एकटे सोडता येत नाही. आजी लोकांनी ही गोष्ट कुठल्या अहवालात वाचली नव्हती, त्यांच्या वेळी जोत्यावरून खळ्यात पडलेली मुले होती.

गणपतीला घर भरते तेव्हा गाडा माळ्यावरून खाली उतरतो, आणि त्याच्या वयाबद्दल वाद होतो, कारण प्रत्येक काकाला तो आपल्यासाठी केला होता असे आठवत असते. गौरी-विसर्जनानंतर नोकरदार बाप रजा संपली म्हणून परत जातो, आई आणि मूल आणखी पंधरवडा राहतात, आणि तेवढ्या काळापुरती खुशाली पुन्हा जुन्याच दिशेने, सावर्ड्याहून मुंबईकडे, जाऊ लागते.

अडचण येते ती जमिनीची. कौलारू घराच्या जागी स्लॅबचे घर झाले, शेणाची जमीन जाऊन चकचकीत फरशी आली, आणि तिच्यावर जुना गाडा मुलाच्या हातून निसटून पुढे पळतो. यावर आजोबांचा उपाय म्हणजे चाकांच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकणे. आजीचा उपाय त्याहून सोपा, मागच्या आसाच्या वरच्या फळीवर शेर-दोन शेर तांदळाची पिशवी घट्ट बांधणे, म्हणजे गाडा जड होतो आणि मुलाच्या चालीनेच चालतो. दोन्ही उपाय एकदम केले तर मात्र तो जागचा हलत नाही, आणि मूल दांडी सोडून पिशवीची गाठ सोडवायला बसते.