मळीचं मोल

वऱ्हाडातल्या काळ्या मातीला लोखंडावाचून चालत नाही. शेगावच्या शिवारात ट्रॅक्टर आले, तरी वखराची पास बोथट झाली की माणूस अजून लोहाराचा भाता शोधतो. हे लोखंड आपल्याकडे दगडातून पहिल्यांदा काढलं कुणी? मनात हेच घोळत होतं, म्हणून शेगावहून रेल्वेने नागपूर गाठलं आणि तिथून उत्तरेला, पेंच नदीकाठचं नायकुंड.

नायकुंड आज पारशिवनी तालुक्यातलं खेडं. सुमारे २७०० वर्षांपूर्वी इथे लोखंड गाळणाऱ्यांची वस्ती होती. १९७८ ते १९८० दरम्यान डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा थेट भट्टीच हाती लागली. बाकदार विटांची, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळीसकट. आणि सोबत मळी, म्हणजे लोखंड काढताना उरणारा खनिजाचा टाकाऊ भाग.

खनिजाचे खडे आणि लाकडी कोळसा भट्टीत भरायचा अन् भाता मारत राहायचं. बाराशे अंशांपर्यंत ताव चढला तरी लोखंड वितळत नाही. त्याला १५३८ अंश लागतात. वितळते ती मळी. ती निथळली की मागे सच्छिद्र गोळा उरतो. तो लाल असतानाच घणाखाली झोडपला, म्हणजे लोखंड एकजीव होतं. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. कुणी खनिज वेचायचं, कुणी जंगल तोडून कोळसा पाडायचा, कुणी हात भरून येईतो भात्यावर बसायचं.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते लोखंड हवापाण्याने खाल्लं जातं. टाकून दिलेली मळी मात्र टिकते. कष्टकऱ्यांचा इतिहास बहुधा असाच हाती येतो, त्यांनी फेकलेल्या वस्तूंतून. त्यांना लिपी नव्हती, नावं उरली नाहीत. पण ताव किती चढवला, हे मळी अजून सांगते.

नायकुंडला शिळावर्तुळंही आहेत, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडून केलेली दफनं. विदर्भातल्या अशा वर्तुळांत मृतांजवळ लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचे लगाम सापडले. माणसाला निरोप देताना त्याच्या हातातलं हत्यारही सोबत द्यावं, असं त्या लोकांना वाटलं. कामाचा एवढा मान आज आपण तरी कुठे राखतो?

विदर्भातली अशी वर्तुळं शेतं सपाट करताना आणि रस्ते, घरं बांधताना मोडत आली आहेत. मळीचे खडे तर कुणाच्या खिजगणतीतही नसतात. म्हणून एवढंच मागणं आहे: नांगराला काळा, जड, छिद्राछिद्रांचा खडा लागला, तर तो बांधावर भिरकावण्याआधी जागा लक्षात ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. मंदिरं राखायला पुष्कळ हात पुढे येतात. भट्ट्या राखायलाही ते यायला हवेत.