खर्जाची तार

माझ्या कानांनी गेल्या वर्षी माझ्याशी असहकार पुकारला. म्हणजे मी अगदी ठार बहिरा झालो असे नव्हे. दारात रिक्षा थांबली की मला कळते. कौलांवर पावसाची सर आली की कळते. समुद्राला उधाण आले की मांडवीकडून त्याची गाज आमच्या ओटीपर्यंत येते, तीही कळते. कळत नाही ते फक्त आमच्या सौभाग्यवतींचे बोलणे. तिने 'साखर' म्हटले की मला 'आअर' असे काहीतरी ऐकू येते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला बायकोचे नुसते स्वर ऐकू यावेत आणि व्यंजने तेवढी गळून पडावीत, ही गोष्ट काही नवरे भाग्याची मानतील. तिने मात्र ती तशी मानली नाही. "तुम्हांला ऐकायचेच नसते," असा निकाल देऊन तिने मला मुलाबरोबर पुण्याला डॉक्टरांकडे धाडले.

डॉक्टरांनी मला एका काचेच्या खोलीत बसवले, कानांना यंत्र लावले आणि सूर ऐकू आला की बटण दाबायला सांगितले. खालच्या सुरांना मी पटापट बटण दाबीत होतो. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. परीक्षा संपली असे समजून मी चष्मा पुसू लागलो. काचेपलीकडे डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. परीक्षा चालूच होती.

त्यांनी हातात आलेख दिला. डावीकडे रेघ ऐटीत सपाट चालत होती, आणि पुढे आमच्या रत्नदुर्गाच्या कड्यावरून समुद्रात कोसळावी तशी खाली गेली होती.

"कुठल्या कारखान्यात होतात का?" त्यांनी विचारले.

"नाही हो, बँकेत होतो. दिवसा."

"आणि रात्री?"

"रात्री बास गिटार वाजवीत असे. अकरा वर्षे."

डॉक्टर तरुण होते. माझ्या टोपीकडे आणि धोतराकडे पाहून त्यांना हसू आवरेना. पण लगेच गंभीर होऊन ते म्हणाले, "वयामुळे वरचे सूर जातातच, पण तुमचे जरा जास्तच गेले आहेत. खालचे मात्र शाबूत आहेत."

खालचे शाबूत आहेत! हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी त्यांना बोलून दाखवला नाही. खरी कागाळी करायचीच तर ती आमच्या ड्रमवाल्याच्या पितळी झांजांविरुद्ध करावी लागेल. अकरा वर्षे त्या माझ्या डाव्या कानापासून दोन हातांवर आदळत होत्या.

बास गिटार म्हणजे काय, हे सांगायला हवे. कारण ऑर्केस्ट्रा पाहून आलेल्या माणसाला गायक आठवतो, बोंगो वाजवणारा आठवतो, निवेदकाचे विनोदही आठवतात, पण मागे उभा राहून चार जाड तारांची गिटार वाजवणारा आठवत नाही. लिओ फेंडर नावाच्या, मुळात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थाने १९५१ साली ती बाजारात आणली. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यापूर्वी खर्जाचे काम माणसाएवढ्या उंच डबल बेसकडे असे. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी 'रागा जॅझ स्टाइल' नावाची तबकडी काढली. तिच्यात रईस खाँच्या सतारीखाली एडी ट्रावास यांचा बेस आहे. पुढे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी बास गिटार अशी वाजवली की गाणे विसरले तरी पायाचा ठेका विसरत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात आम्ही त्यांचीच नक्कल करीत होतो; म्हणजे मी करीत होतो आणि बाकीच्यांना ते ठाऊक नव्हते.

१९७४ साली पाच महिन्यांचा पगार साठवून मी मुंबईला धोबी तलावावर एका गोवेकर वादकाकडून जुनी बास गिटार घेतली आणि रात्रीच्या एस्टीने रत्नागिरीला आणली. कंडक्टरने तिचे अर्धे तिकीट फाडले. आमचे वडील अण्णा ओटीवर पखवाजाच्या वाद्या ताणीत बसले होते. पंचक्रोशीत भजन असले की अण्णांच्या पखवाजाशिवाय बुवा तोंड उघडीत नसत. त्यांनी माझ्या हातातल्या लांबलचक वस्तूकडे एकदा पाहिले आणि विचारले, "हे वल्हे कशाला आणलेस?" त्यानंतर दोन वर्षे आमच्या घरात तिचे नाव 'वल्हे' असेच होते, आणि तिच्याविषयी अण्णा माझ्याशी दुसरा शब्द बोलले नाहीत.

वल्हे चालवायला शिकवणारा इथे कोणी नव्हता. धोबी तलावावरच्या त्या भल्या माणसाने अर्ध्या तासात जे दाखवले तेवढ्यावर माझे विद्यालय चालले. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने, चालणाऱ्या माणसाच्या पायांसारखी टाकायची. तार छेडून बोट हवेत उडवायचे नाही, ते शेजारच्या तारेवर येऊन टेकले पाहिजे. डाव्या हाताने पडद्याच्या अगदी मागे दाबायचे, पडद्यावर नव्हे. खालच्या पडद्यांत अंतर फार. तिथे चारही बोटे ताणून मनगट मोडून घेण्यापेक्षा डबल बेसवाल्यांसारखी पहिली, दुसरी आणि करंगळी वापरावी. हे सगळे महिन्याभरात येते. येत नाही ते सूर थांबवणे. जाड तार एकदा बोलू लागली की गप्प बसत नाही. ती वेळेवर मुकी केली नाही तर पुढचा सूर मागच्या सुरात लडबडतो आणि सगळ्या ऑर्केस्ट्राच्या पायांत चिखल होतो. अमेरिकेतला जेम्स जेमर्सन नुसत्या तर्जनीने वाजवीत असे, हे मला फार पुढे कळले. आधी कळले असते तर मध्यमेला मी इतके छळले नसते.

आमचा खारा वारा तारांना दोन महिन्यांत गंज आणी आणि नव्या तारा परवडत नसत. कुणीतरी सांगितले, जुन्या तारा पाण्यात उकळल्या की मळ सुटतो आणि त्या पुन्हा बोलतात. हे खरे आहे. पण मी त्या आईच्या पेजेच्या टोपात उकळल्या. टोपावरचे झाकण उघडून आत पाहिलेला आईचा चेहरा मला अजून दिसतो. तो टोप पुढे गुरांच्या आंबोणाला गेला.

तर अशा तयारीने आम्ही पहिले वर्षभर गणपतीत, शिमग्यात, लग्नांत कार्यक्रम केले. आणि त्या वर्षभरात माझी बास गिटार एकाही माणसाने ऐकली नाही! ही अतिशयोक्ती नव्हे. आमचा आवाज मांडवावरच्या भोंग्यांतून जात असे. भोंगा केलेला असतो माणसाचे बोलणे लांब पोचावे म्हणून. फार खालचे सूर त्यातून बाहेरच पडत नाहीत. माझी सर्वांत जाड तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा कापते. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज एकोणसत्तर वेळा कापतो. त्याच्याही खूप खालची ही गोष्ट. भोंग्यातून नुसती टकटक येई. लोकांना वाटे, मी गिटारवर खिळे ठोकतो आहे.

मग आम्ही एका फिरत्या सिनेमावाल्याकडून व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर घेतला, मुंबईहून बारा इंची स्पीकर मागवला आणि सुताराकडून फणसाच्या फळ्यांचे खोके करून घेतले. हवा खेळती राहावी म्हणून मी ते मागून उघडे ठेवले. आवाज आला, पण पोकळ, पोट खपाटीला गेलेल्या माणसासारखा. दोन रात्री मी त्या खोक्यापुढे बसून होतो. तिसऱ्या रात्री ओटीवरच्या काळोखातून अण्णांचा आवाज आला, "पोट उघडे टाकून पखवाज वाजेल काय?"

त्यामागचे शास्त्र मी पुढे वाचले. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे ती ओढतो. खालच्या सुरांच्या लाटा लांब, माझ्या जाड तारेची तर सत्तावीस फूट. मागची लाट खोक्याला वळसा घालून पुढच्या लाटेला गाठते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. खोके मागून बंद केले की हे थांबते. अण्णांनी शास्त्र वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुताराने मागे फळी मारली. आवाज भरला, पण जाड तार छेडली की सांध्यांतून हवा 'फस्स' करून बाहेर येई. कार्यक्रम त्याच रात्री होता, आणि लांबी भरून ती वाळायला वेळ नव्हता. अण्णा आत गेले आणि कणकेचा गोळा घेऊन आले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला खर्ज यावा म्हणून रोज लावतात तीच ओली कणीक. ते खाली बसले आणि काही न बोलता अंगठ्याने एकेक सांधा भरू लागले. मी कंदील धरला. "आता लाव," म्हणाले. मी जाड तार छेडली, आणि फडताळातली पितळी भांडी वाजली.

त्या रात्री ते कार्यक्रमाला आले होते, हे मला ठाऊक नव्हते. मध्यरात्री घरी आलो तर ते जागे. पाणी पिऊन मी आडवा झाल्यावर म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात तुझी खालची तार उतरली होती."

म्हणजे त्यांनी ऐकले होते. दोन अडीचशे माणसांत खालची तार एकट्या त्यांनी ऐकली होती. पुढे १९८३ साली ते गेले. त्यांनी मला 'चांगले वाजवलेस' असे कधी म्हटले नाही, आणि मला ते वाक्य कधी कमी पडले नाही. कणकेला मात्र आठवड्यात मुंग्या लागल्या आणि शेवटी लांबी भरावीच लागली.

आता नातीची गोष्ट. ती पुण्याला कॉलेजात शिकते आणि तिथल्या एका बँडमध्ये, काय योग पाहा, बास वाजवते. माझ्या कानांच्या यंत्राची आणि तिच्या ॲम्प्लिफायरची खरेदी एकाच आठवड्यात निघाली. सकाळी माझ्या दुकानात, दुपारी तिच्या. माझ्या यंत्राने फक्त वरचे सूर वाढवायचे होते, तिच्याने खालचे. मधले दोघांचेही आपापले होते.

तिच्या दुकानातला मुलगा वॅटचे आकडे सांगून तिला दिपवू लागला. मी म्हटले, बाळा, वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम जाणवण्याइतका वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दसपट वॅट लागतात. घरी तीस-चाळीस वॅट पुष्कळ, ड्रमशेजारी उभे राहायचे तर तीनशे असावेत. दुकानदाराने तो ॲम्प्लिफायर दोन भिंतींच्या कोपऱ्यात मांडला होता. कोपऱ्यात कुठल्याही खोक्याला फुकटचा खर्ज येतो. तो मी मधोमध ओढायला लावला, सगळी बटणे मध्यावर आणवली आणि नातीला जाड तार हळू वाजवायला सांगून स्वतः दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिलो. वाढवलेल्या आवाजात कुठलेही खोके गोड वाटते. हळू आवाजात जे भरलेले राहते ते घ्यावे. एक पंधरा इंची स्पीकरवाले दिसायला भारदस्त होते, पण त्याचा सूर सैल. आम्ही बारा इंचीच घेतले. तीनशे वॅट, आणि ती ते एका हाताने उचलते! आमचे खोके न्यायला दोन माणसे आणि एक बैलगाडी लागे.

पैसे मी देणार होतो. खिशातून पाकीट काढण्याआधी मी डॉक्टरांचा तो आलेख काढून तिच्यापुढे धरला आणि म्हटले, "कानांत बोळे घालून वाजवणार असशील तर घेतो."

"आजोबा, बँडमध्ये कोणी घालत नाही. मला वेड्यात काढतील."

"मला कुणी सांगितलेच नव्हते," मी म्हटले. "तुला सांगतो आहे."

ती बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. मग काही बोलली. पण यंत्र अजून घडीबंद डबीत होते, आणि तिचा आवाज आजीसारखाच बारीक. मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "हो म्हणते आहे."

यंदा गणपतीत ती रत्नागिरीला आली ती ॲम्प्लिफायर घेऊनच. तिसऱ्या रात्री वाडीतले भजनी मंडळ आले. अण्णांचा पखवाज आता बुवांचा पुतण्या वाजवतो. नातीने भीत भीत विचारले, मी बसू का? बुवांनी पेटीवरून मान हलवली. तिने लाकडी स्टूल ओढून त्यावर खोके ठेवले, कानांत ते निळे बोळे घातले, आणि पखवाजाशेजारी मांडी घालून बसली. टाळ सुरू झाले तेव्हा माझे नवे यंत्र इतके खणखणू लागले की मी ते काढून डबीत ठेवले. टाळ गेले, पेटी गेली, बुवांचे शब्द गेले. राहिले दोनच आवाज, पखवाजाची डावी आणि तिची जाड तार. सुरुवातीला ती फार वाजवीत होती. दुसऱ्या अभंगापासून कमी वाजवू लागली.

मध्यंतरात पखवाजवाल्याने कणीक मागितली. आमची सौ. वाटीत गोळा घेऊन आली, माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मी डबीतले यंत्र पुन्हा कानाला लावले.

"काय म्हणालीस?"

"दुसऱ्या अभंगात पोरीची तार उतरली होती, असे म्हटले," ती म्हणाली. "तिला सांगा."