फक्की कोण मारतं?

वारजे, पुणे ५८

चि. बाळ यास,


तुझा निरोप वाचला. मोबाइलवर अंगठा दाखवून भागलं असतं, पण मामी म्हणाली, पोरगं इतक्या लांबून विचारतंय, तर नीट लिहा. म्हणून कागद काढला. नातू ज्या क्लबात फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळतो, त्या क्लबाचा इतिहास लिहायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय आणि सुरुवात विजेतेपदांच्या यादीनं करू का, असं तू विचारतोस. नको करूस. यादी शेवटी टाक. ती कुणी वाचत नाही, प्रत्येकजण फक्त आपलं नाव शोधतो.

तुमचा तो खेळ मला मेलबर्नला आलो तेव्हा कुठे कळला. क्रिकेटच्या मैदानावर अठरा विरुद्ध अठरा, चेंडू अंडाकृती. तो घेऊन पळायचं, पण पंधरा मीटरच्या आत एकदा जमिनीवर आपटायचा. मधल्या दोन उंच खांबांतून पायानं मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तरी एक. नेम चुकल्याबद्दल गुण देणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही. (मामीचं म्हणणं, आपल्याकडे परीक्षेत देतात.)

तिथून आल्यावर मी थोडं वाचलं आणि गंमत अशी, की या खेळाचं मूळ एका पत्रात सापडतं. टॉम विल्स नावाचा क्रिकेटपटू. त्याचं पत्र १० जुलै १८५८ रोजी मेलबर्नच्या एका क्रीडा साप्ताहिकात छापून आलं. थंडीत क्रिकेट बंद असतं, खेळाडू सुस्तावतात, तेव्हा फुटबॉलचा क्लब काढा आणि नियम करायला तीन किंवा अधिक जणांची समिती नेमा, असं त्यात होतं. वर आणखी एक मुद्दा: खेळाडूंच्या पायांनी तुडवलं गेलं तर मैदानाची हिरवळही घट्ट होईल. हे वाचून मला आमच्या कबड्डीची माती आठवली. हंगामाआधी आम्ही ती चाळायचो, पाणी मारायचो आणि सगळे गडी मिळून तुडवायचो.

पुढच्याच महिन्यात दोन शाळांमध्ये सामना झाला, एकेका बाजूला चाळीस पोरं. तीन वेगवेगळ्या शनिवारी खेळूनही तो बरोबरीतच सुटला! मग १७ मे १८५९ ला विल्स आणि आणखी तिघं मैदानाजवळच्या परेड हॉटेलात बसले आणि दहा नियम लिहून मोकळे झाले. शिकताना प्रत्येकाने फुटबॉल वेगळ्या तऱ्हेनं खेळलेला. विल्स रग्बी शाळेतला, त्याला तिथलेच नियम हवे होते. बाकीच्यांनी ऐकलं नाही. समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा त्यांनी काढून टाकली. जो खेळ निघाला तो कुणाच्याच शाळेचा नव्हता. म्हणून तो मेलबर्नचा झाला.

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे, तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी उठून परत यायचा. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसायचा, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये गडी बाद होऊनही खेळत राहायचा, नुसते गुण मोजायचे. या गावाचा संघ त्या गावाला गेला की खेळाआधी अर्धा तास वाद. कुणीतरी बसून एक काय ते ठरवलं म्हणून कबड्डीच्या स्पर्धा उभ्या राहिल्या, आणि आज जगभर खेळतात ती संजीवनीच्या वळणाची. खो-खोचंही तसंच. १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. खेळाचा जन्म मैदानावर होत असेल, क्लबाचा मात्र टेबलाशी होतो, चहा गार होईपर्यंत भांडून.

जिमखान्याचाच आणखी एक दाखला देतो, कारण तोही पत्रातलाच आहे. सर दोराबजी टाटा तिथल्या क्रीडा मेळाव्याला अध्यक्ष म्हणून आले होते. त्याचं वर्णन त्यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना कळवलं. मैदान इतकं लहान, की शंभर यार्डांची शर्यतही वळणावरून पळावी लागे. गवत ओबडधोबड, रूळसुद्धा न फिरवलेलं. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं पक्क्या सडकेवर अनवाणी अशी पळाली, की दोराबजी थक्क झाले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. आता तूच बघ, त्या मेळाव्यात पहिला-दुसरा कोण आला हे विचारल्यावर किती जणांना सांगता येईल? वळणावरची शंभर यार्डांची शर्यत मात्र मी एकदा वाचली ती विसरलो नाही. तुझ्या लेखात असली वळणं हवीत.

हे शहाणपण मला उशिरा सुचलं, हेही कबूल करतो. आमच्या कबड्डी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका मीच संपादित केली होती. निम्मी पानं जाहिरातींची. उरलेल्यात पाहुण्यांचे फोटो, शुभेच्छा आणि चषकांची यादी. छापून आली त्या संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ घरी आले, अंक चाळला, छान झालाय म्हणाले आणि गेले. ते गेल्यावर लक्षात आलं. वीस-बावीस वर्षं प्रत्येक सामन्याच्या पहाटे सुतळी धरून, चुन्याची फक्की मारून मैदान आखायचे ते हेच. सबंध अंकात त्यांचं नाव नव्हतं. ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत, त्यामुळे मला माफीही मागता आली नाही.

आता ते नाहीत आणि मैदानही नाही. १९९७ ला वारजे महापालिकेत आलं, बायपासमुळे जमिनीला भाव आला, शेतं बिगरशेती (एन.ए.) झाली. ज्वारी निघाल्यावर ज्या तुकड्यावर आम्ही खेळायचो तिथे सोसायटीचं पार्किंग आहे. मंडळाची पाटी शाबूत आहे, गणपतीत मांडवही पडतो. कबड्डी तेवढी होत नाही.

तुमच्याकडे याच्या उलट घडलेलं वाचलं. फिट्झरॉय हा १८८३ चा क्लब. पैसा संपला आणि १९९६ च्या हंगामानंतर वरच्या लीगमधला त्याचा संघ ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. पण ब्रन्सविक स्ट्रीटवरचं जुनं मैदान जाग्यावर होतं. २००९ पासून फिट्झरॉय त्याच नावानं हौशी लीगमध्ये त्याच मैदानावर खेळतो. क्लब बुडाला तरी मैदान राहिलं तर माणसं परत येतात. आम्ही पाटी जपली, तुकडा जपायला हवा होता. तुमचं ओव्हल कुणाच्या मालकीचं आहे, करार किती वर्षांचा आहे, हे पहिल्या पानावर घाल. नीरस वाटेल, वाटू दे.

बाकी हिशेबाच्या वह्या माग. कुठल्या वर्षी चेंडूंवर खर्च जास्त आणि सॉसेजच्या विक्रीतून जमा कमी, यावरून त्या वर्षी किती पोरं येत होती ते कळतं. संघ पुरा पडला नाही ते वर्ष लपवू नकोस. जर्सी धुणाऱ्या बाईला भेट. ती नुसती हसेल, तू बसून राहा.

मीही एक नवी वही आणली आहे. त्या म्हाताऱ्यांची लेक माळवाडीत असते. रविवारी तिच्याकडे जाणार आहे.

तुमच्या मैदानावर रेषा कोण मारतं, ते पुढच्या पत्रात कळव. पूर्ण नावानिशी.

तुझा,
मामा