वाटखर्ची

२०१८ च्या सप्टेंबरातली गोष्ट. मुंबईच्या ऑफिसात दुपारचे डबे उघडले होते आणि पेट्रोल नव्वदीला टेकल्याची चर्चा चालली होती. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचं बरंय हो, तुमच्या परभणीला काय, सगळंच स्वस्त." मी घास तसाच हातात धरून बसले. त्याच्या आधीच धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता, "ताई, आपल्याकडं नव्वद झालं गं." मुंबईनं नव्वदी ओलांडली २४ सप्टेंबरला. परभणी तिच्या पुढं होती.

मॅडमना मी सांगितलं, तेव्हा त्यांना ते खरं वाटेना. "कामून असं?" हा प्रश्न आमच्याकडच्या माणसालाही पडतो. परभणीचं पेट्रोल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून. टँकर तीनशेवर किलोमीटर चालून येतो आणि त्याचं भाडं लिटरमागं गिऱ्हाइकाच्या खिशातून जातं. त्या वेळी मुंबई-ठाण्यात पेट्रोलवरचा व्हॅट उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा एक टक्का जास्त होता, तरीही आमचा दर वरचढ. पुढं मे २०२१ मध्ये साध्या पेट्रोलनं शंभरी गाठली, तीही परभणीत आधी आणि मुंबईत नंतर.

मी टपाल खात्यात. परभणीत एकोणीस वर्षं काढली, मग २०१६ ला बढती आणि मुंबईची बदली एकाच कागदावर आली. नवरा परभणीत शाळेवर, मुलगा तिथल्याच कृषी विद्यापीठात बी.एस्सी. अ‍ॅग्रीला. ते दोघं वसमत रोडच्या घरात राहिले, मी डोंबिवलीत एका खोलीत. एका संसाराच्या दोन चुली झाल्या, आणि त्यामुळंच दोन गावांचा हिशोब मला रोज शेजारी शेजारी मांडता आला.

हिशोब लिहायची सवय माझ्या वडिलांची, अण्णांची. सेलूच्या मोंढ्यात ते एका अडतीवर मुनीम होते. कापसाच्या हंगामात रात्री दहाला घरी यायचे, तरी घरची वही लिहिल्याशिवाय जेवायचे नाहीत. किराणा, दूध, औषध, लेकरांची शाळा असे रकाने, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, वाटखर्ची. सेलूहून परभणीला गेलं, कोर्टात, दवाखान्यात, लग्नाला, तर तिकीट आणि वाटेतला चहासुद्धा त्या रकान्यात. लग्नानंतर माझ्या वहीतही मी तेच रकाने पाडले. वाटखर्चीचा रकाना मात्र बरीच वर्षं मी उगाच, त्यांच्या सवयीखातर ओढत होते.

सरकारच्या लेखी आपल्या देशातली शहरं तीन वर्गांची, एक्स, वाय आणि झेड. मुंबई पहिल्यापासून एक्स. पुणे २०१५ ला तिथं चढलं. नागपूर, नाशिक, औरंगाबाद वाय. आमची परभणी झेड. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून केंद्राच्या कर्मचाऱ्याला घरभाडं मिळायला लागलं ते अनुक्रमे २४, १६ आणि ८ टक्के. माझं मूळ वेतन ४४,९०० होतं. मुंबईत त्यावर १०,७७६ रुपये घरभाडं, परभणीत असते तर ३,५९२. फरक ७,१८४ रुपयांचा. शहरा-शहरातल्या जगण्याच्या खर्चाचं या भत्त्यातलं मोजमाप म्हणजे एवढंच, भिंती आणि छप्पर.

महागाई भत्त्याचं आणखी वेगळं. त्याचा टक्का देशभर एकच, आणि तो निघतो कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. २०२० पासून त्याची नवी मालिका सुरू झाली, देशातली ८८ केंद्रं धरून. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर त्यात आहेत. आमच्या युनियनच्या एका जुन्या माणसानं ती यादी मला दाखवली, तेव्हा मी तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं. परभणी नव्हती. म्हणजे आमच्या मोंढ्यातल्या डाळीचा, आमच्या पंपावरच्या पेट्रोलचा, आमच्या गल्लीतल्या टँकरचा भाव त्यात कुठंच धरला जात नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

डोंबिवलीची खोली नऊ हजारांची, डिपॉझिट पन्नास हजार. परभणीत त्या भाड्यात अंगण आणि गच्चीसकट अख्खं घर मिळालं असतं. इथपर्यंत मॅडमचं म्हणणं बरोबर. पण खोलीच्या बाहेर पाय ठेवला की आकडे फिरायचे. डोंबिवली ते सीएसएमटी सेकंड क्लासचा महिन्याचा पास तेव्हा साडेतीनशेच्या आत यायचा. तेवढ्या पैशांत महिनाभर रोज जवळजवळ शंभर किलोमीटर जाणं-येणं. गर्दीत जीव गुदमरायचा, ते खरंच, पण पैसा वाचायचा. तिकडं परभणीत नवऱ्याची शाळा सात किलोमीटरवर, आणि जायचं म्हणजे स्वतःची मोटारसायकल. सगळी धावपळ धरून महिन्याचं पेट्रोल सोळा-सतराशेचं. माझ्या वहीत दोन्ही आकडे एकाच पानावर आहेत.

पाण्याचंही तसंच. डोंबिवलीत सकाळी तोटी फिरवली की पाणी. परभणीत नळ आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. ज्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या घरचा बोअर आटला. आम्ही सहाशे रुपयांना टँकर घेत होतो, महिन्याला चार. पिण्याचे जार निराळे. म्हणजे स्वस्त घराच्या भाड्यात जी बचत, तिच्यातली मोठी रक्कम टँकरवाल्याच्या हाती. भाजी मात्र आमची खरीच स्वस्त आणि ताजी. परभणी क्रांती नावाची भेंडी आमच्याच विद्यापीठातली, पण डोंबिवलीत भेंडी घेताना मला दर ऐकून पाव किलोवर थांबावं लागायचं.

आणि ज्वारी. दुकानातल्या ज्वारीचा भाव गावच्या दीडपट, शिवाय ती भाकरी आमच्या तोंडाला लागेना. म्हणून दर दोन महिन्यांनी नवरा देवगिरी एक्सप्रेसनं यायचा, सोबत पंचवीस किलो ज्वारी, पाच किलो तुरीची डाळ, तीळ, आणि आईनं दिलेला काळा मसाला. रात्री परभणीला गाडीत बसायचं, पहाटे कल्याणला उतरायचं आणि पोतं खांद्यावर घेऊन डोंबिवलीची लोकल. पहिल्या वेळी मी त्याच्या खांद्यावरचा वळ पाहिला आणि म्हणाले, "आता आणू नका, मी इथलीच घेईन." तो म्हणाला, "तिकिटाचे पैसे लागणारच आहेत, रिकाम्या हातानं काय यायचं?" त्या रात्री मी वहीत ज्वारीचा घरचा भाव लिहिला, आणि तिच्या शेजारी, वाटखर्चीत, त्याचं जाणं-येणं. अण्णांचा तो रकाना त्या दिवसापासून भरायला लागला.

२०१९ ला माझी बदली परत परभणीला झाली. घरभाडं आठ टक्क्यांवर आलं, त्याचं दुःख नव्हतं. घर एक झालं याचाच आनंद. तो आनंद दोन महिने टिकला. मुलाची पदवी झाली आणि तो एमपीएससीच्या तयारीला पुण्याला निघाला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत चार जण, कॉटचे तीन हजार, मेसचे अठ्ठावीसशे, अभ्यासिकेचे हजार. क्लासची फी वेगळी. त्या खोलीतला एक मुलगा जिंतूरचा, एक पालमचा, एक हिंगोलीचा. आमच्याकडं म्हणतात, बनी तो बनी, नहीं तो परभणी. पण परभणीत राहून बनायची सोय असती, तर ही चार पोरं एका खोलीत कशाला राहिली असती?

५ एप्रिल २०२० ची पूर्वपरीक्षा करोनामुळं पुढं गेली, मग आणखी पुढं, पुन्हा आणखी. तो टाळेबंदीत घरी आला, तरी कॉट सोडता येईना, परतल्यावर जागा मिळाली नसती. रिकाम्या कॉटचं भाडं आम्ही सात महिने भरलं. घरमालकानं त्यातला एक रुपया कमी केला नाही. मार्च २०२१ मध्ये चौदा तारखेची परीक्षा ऐन वेळी पुन्हा पुढं ढकलली, तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली. आमचा मुलगाही त्यांच्यात होता. टीव्हीवर ती गर्दी बघताना मला शेतकऱ्यांची लेकरं दिसत होती, आणि प्रत्येकाच्या मागं एक घर, तारीख पुढं गेली की आणखी एका महिन्याच्या कॉटचे पैसे जमवणारं. अखेर परीक्षा २१ मार्चला झाली. त्याचं नाव यादीत आलं नाही. आता तो पुण्यातच बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी करतो, आणि ज्वारीचं पोतं ट्रॅव्हल्सनं त्याच्याकडं जातं. पोत्याचं भाडं दीडशे.

२०२२ च्या पावसाळ्यात अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. सेलूच्या डॉक्टरांनी सांगितलं, औरंगाबादला न्या. तेव्हा त्या शहराला आम्ही औरंगाबादच म्हणत होतो. आजारी माणसाला रेल्वेत बसवता येईना, म्हणून भाड्याची गाडी, एका खेपेचे साडेचार हजार. तपासण्या, अँजिओग्राफी, रिपोर्ट, पुन्हा दाखवणं, अशा पाच खेपा झाल्या. त्यातल्या एका खेपेला आम्ही पोचलो तेव्हा कळलं, त्या दिवशी डॉक्टर यायचेच नव्हते. फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. गाडी तशीच परत, अण्णा मागच्या सीटवर डोळे मिटून. भावाच्या दुकानाचे पाच दिवस बुडाले, ते मी कुठं लिहू शकले नाही. लिहिता आलं ते एवढं: गाडीचे साडेबावीस हजार, लॉज आणि जेवण नऊ हजार, एकूण साडेएकतीस. तपासण्यांचा खर्च अठ्ठावीस.

अण्णांनी वही मागून घेतली. चष्मा लावून दोन्ही बेरजा स्वतः करून पाहिल्या. मग म्हणाले, "रोगापेक्षा रस्ता महाग पडला गं."

मुंबईतल्या माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनाही त्याच वर्षी हृदयाचा त्रास झाला. ती त्यांना लोकलनं परळला घेऊन गेली. केईएम तिथं आहे, कॅन्सरसाठी टाटा तिथं आहे, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत बाहेरगावच्या रुग्णांची राहण्याची सोय आहे. मी डोंबिवलीत होते तेव्हा गावाकडचे तीन पेशंट माझ्या खोलीत उतरून गेले होते. एक मावशी मानवतची, टाटाला सव्वीस खेपा घातल्या तिनं. डोंबिवलीत राहणारा सव्वीस खेपा पासावर घालतो. मावशीच्या घरच्यांनी त्यासाठी दोन एकर विकली. महाग शहरात राहणारा माणूस भाडं दर महिन्याला भरतो. आमच्याकडचा माणूस ते साठून एकदम भरतो, आणि भरतो ते त्याच शहरात जाऊन.

म्हणून कुणी परभणी स्वस्त म्हटलं की मी विचारते, किती दिवसांसाठी? घरात धान्य आहे, प्रकृती बरी आहे, लेकरू शाळेत आहे, तोवर नक्कीच. चार किलोमीटरच्या आत ज्याचं सगळं आयुष्य मावतं, त्याला हे गाव पोसतं आणि मायेनं पोसतं. मला दुसरीकडं कुठं राहायचं नाही.

अण्णा आता माझ्याकडंच असतात. २०२३ ला परभणीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. अँजिओग्राफीसारखं काही करायचं असेल तर अजूनही आम्ही नांदेडचा किंवा संभाजीनगरचा रस्ता धरू, पण गेल्या महिन्यात त्यांना इथंच ओपीडीत नेलं. केसपेपर काढला, ईसीजी झाला, बीपी बघून गोळी बदलून दिली. दुपारी बारापर्यंत घरी. संध्याकाळी त्यांनी वही पुढं ओढली आणि स्वतःच्या हातानं, थरथरत्या अक्षरात, शेवटच्या रकान्यात लिहिलं: रिक्षा, जाऊन-येऊन, ऐंशी रुपये.