भोईवाड्यातील मुसाफिर बाया

परळच्या भोईवाड्यात राहणाऱ्याला देशाचा नकाशा वेगळा पाहावा लागत नाही. टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपास दहा मिनिटे चालले तरी बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, झारखंड आणि आपला मराठवाडा असे सारे भेटतात. 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर फुटपाथवर ताडपत्रीखाली बिऱ्हाड मांडावे लागते. त्यात आमच्या मुसलमान बायाही असतात. कुणाचा नवरा आजारी, कुणाचे मूल, तर कुणी स्वतःच. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्यांची बोली आम्हास समजते, म्हणून कागद वाचून देण्याच्या निमित्ताने ओळखी होतात.

परमुलखातून आलेली बाई आमच्या घराला नवी नाही. आमची दादी दापोली तालुक्यातली. दाभोळला बोटीत बसून ती भाऊच्या धक्क्यावर उतरली. दादा गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि संप मिटल्याचे कुणी कधी जाहीर केलेच नाही. दादीने त्या दिवसांत चाळीतल्या बिऱ्हाडांना तांदळाच्या भाकऱ्या करून विकल्या. फजरची नमाज झाली की चूल पेटे. "अल्ला देतो, पण पीठ आपल्यालाच मळावं लागतं," असे ती म्हणे. तवक्कुल या शब्दाचा अर्थ आम्ही प्रथम तिच्या परातीपाशी शिकलो.

गेल्या काही वर्षांत भेटलेल्या बायांपैकी कटिहारकडची एक बाई आमच्या विशेष लक्षात राहिली. नवऱ्याला तोंडाचा कर्करोग. गावची थोडी जमीन गहाण पडलेली. चार महिने झाले तरी ती चार रकातींच्या नमाजेऐवजी दोनच पढत असे. आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आपा, डॉक्टरसाहेब दर वेळी पुढची तारीख देतात. आम्ही तर उद्याच निघायच्या तयारीत असतो. मग आम्ही मुसाफिरच ना?" तिचे म्हणणे बरोबर होते. हनफी फिकहनुसार एका जागी पंधरा दिवस राहण्याचा पक्का इरादा नसेल, आज-उद्या करीत मुक्काम लांबत गेला, तर प्रवाशाची कसर नमाज चालू राहते. आम्ही कोकणी लोक शाफई, आमच्याकडे मुदतीचा हिशेब वेगळा. पण शाळेची पायरी न चढलेली ही बाई मसला जाणून होती. पाणी मिळाले नाही किंवा पाणी अपाय करणार असेल तर तयम्मुम, आजाऱ्याला आणि प्रवाशाला रमजानचे रोजे पुढे करण्याची मुभा, ह्या साऱ्या सवलती आम्ही वर्गात पाठ करून घेतो. त्या कुणासाठी आहेत, हे फुटपाथवर समजते. आपले आयुष्य मोडून पडले असले तरी आपण दीनच्या हिशेबात आहोत, आपल्यासाठी तेथे जागा राखून ठेवलेली आहे, ह्या जाणिवेवर त्या बाया दिवस काढतात.

मात्र आमच्या समाजात सब्र हा शब्द फार स्वस्त झाला आहे. दुःखात पडलेल्या बाईला सब्र कर म्हटले की सांगणाऱ्याचे काम संपते. छातीत गाठ लागली तरी लाजेने आणि भीतीने महिनोन्महिने न सांगणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. घरच्यांना कळते तेव्हा तावीज होतो, दम केलेले पाणी होते आणि शेवटी मुंबई होते. दुआ जरूर करावी. पण पैगंबरांनी (स.) आजारावर इलाज करण्यास सांगितले आहे, हे त्या बाईला वेळेवर कुणी सांगत नाही.

आमच्या इतिहासातली सर्वांत मोठी मुसाफिर बाई म्हणजे हजरत हाजरा (अ.). मक्केच्या निर्जळ खोऱ्यात तान्ह्या इस्माईलसह (अ.) एकटी. अल्लाह आपणांस वाया जाऊ देणार नाही, असा तिचा पुरता यकीन होता. तरीही ती बसून राहिली नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये पाण्यासाठी सात फेऱ्या धावली. झमझम लागले ते त्यानंतर. आज प्रत्येक हाजी, मग तो केवढाही आलिम असो, त्या बाईच्या वाटेने सात फेऱ्या घालतो. टाटाच्या केसपेपरपासून रक्ताच्या तपासणीपर्यंत आणि तेथून औषधाच्या खिडकीपर्यंत फेऱ्या घालणारी बाई पाहिली की आम्हाला सईची आठवण होते.

अशा बाईला नमाज पढायची असेल तर ती कोठे पढणार? मुंबईतील बहुतेक मशिदींत बायांसाठी जागा नाही. जानेवारी 2020 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की स्त्रियांना मशिदीत नमाजेची मनाई नाही. मनाई नसली तरी वजूचा नळ आणि एक पडदा लावलेला कोपरा हवा ना! पुरुष मशिदीत पंख्याखाली विसावतो आणि त्याची बाई फुटपाथवर दुपट्ट्याने आडोसा करून सिजदा करते, हे आम्हास पाहवत नाही.

दुसरी गोष्ट जकातीची. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिरही आहे. गावी घर-जमीन असली तरी वाटेत अडकलेल्याला ती देता येते. रमजानमध्ये आम्ही अडीच टक्क्यांचा हिशेब करतो, पावत्या फाडतो. पण भोईवाड्याच्या फुटपाथवरचा हक्कदार बहुधा यादीत नसतो.

तिसरी गोष्ट आमच्या हातातली. या बायांसोबत मुले असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला मूल परत पाठवता येत नाही. कटिहारच्या त्या बाईची मुलगी आमच्या तिसरीच्या वर्गात पाच महिने बसली. त्यानंतर तिचे वडील वारले आणि मायलेकी गावी परतल्या. जाण्याआधी आई शाळेत आली ती वही-पुस्तके परत करायला. आम्ही ती घेतली नाहीत. तिने एवढेच विचारले, "आपा, गावच्या शाळेत हिला आता चौथीत घेतील ना?" आम्ही लगेच दाखला लिहायला बसलो.