दमणचे अडीच तास

सहलीचे नाव निघाले की मुलांच्या उत्साहाला उधाण येते आणि शिक्षकांच्या मस्तकी चिंतेचे गाठोडे येते. यंदाच्या हिवाळ्यात नववीच्या वर्गाला मोटी दमणचा किल्ला दाखवावयाचा असे ठरले आणि वेळापत्रक करण्याचे काम माझ्याकडे आले. साडेआठला सिल्वासाहून प्रस्थान, दहाला किल्ल्याचा दरवाजा, साडेबाराला पाहणे समाप्त, त्यानंतर समुद्रकिनारी शिदोरी. पोर्तुगीजांनी दमण १५५९ साली घेतले आणि १९६१ साली ते त्यांच्या हातून गेले. ही चार शतके आम्हांला अडीच तासांत पाहावयाची होती. एका विद्यार्थ्याने लगेच त्रैराशिक मांडून सांगितले, "बाई, एका शतकाला सदतीस मिनिटे!" सारा वर्ग हसला, मीही हसले. पण हातातले घड्याळ मात्र मी दिवसभर विसरले नाही.

प्रवास तासाभराचाच, परंतु वाट मोठी गमतीची. सिल्वासा मागे पडले की गुजरातची हद्द लागते, मग दादरा, पुन्हा गुजरात आणि वापी ओलांडल्यावर दमण. मुले पाट्या वाचून ओरडत होती. त्यांना मी या वाटेची हकीगत सांगितली. १७७९ च्या तहानुसार मराठ्यांनी महसुलासाठी दिलेल्या गावांपैकी नगर हवेली १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. १९५४ च्या जुलै महिन्यात दादरा व २ ऑगस्टला सिल्वासा स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले. तेव्हा दमणहून या प्रदेशात येण्याचा आपला हक्क भारताने अडविला, अशी तक्रार घेऊन पोर्तुगाल १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. सामान्य नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांना जाण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना नव्हता, आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही, असे न्यायालयाने सांगितले. ज्या वाटेवरून दोन देश इतकी वर्षे न्यायालयात भांडले, ती वाट आमच्या बसने गाण्यांच्या भेंड्या लावीत पार केली.

किल्ल्याच्या दरवाजाशी आमचे वाटाडे उभे होते. आमच्या भूगोलाच्या सरांच्या परिचयातील हे दमणचे वृद्ध गृहस्थ, वयाची ऐंशी उलटलेली, डोक्यावर हॅट, हातात वेताची काठी. मुलांनी त्यांना तत्काळ 'आजोबा' करून टाकले. मी दोन वाक्ये बोलते न बोलते तोच त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, "खंयची गो तूं, बाय?" माझ्या मराठीतला कोकणी हेल त्यांनी अचूक ओळखला होता. तरुणपणी त्यांनी गोव्यात नोकरी केली होती. सिल्वासात मला या हेलाने कोणी हाक मारीत नाही; क्षणभर माहेरच्या अंगणात उभे असल्यासारखे वाटले.

आजोबांनी किल्ला दाखविला तो घाई न करता. दमणगंगेच्या दक्षिण तीरावरील तो भक्कम तट, त्याचे दहा बुरूज, जमिनीच्या बाजूचा खंदक. नदीपलीकडे नानी दमणचा संत जेरोमचा धाकटा किल्ला दिसत होता. "ही नदी कोठली, ठाऊक आहे?" त्यांनी विचारले. मुलांनी एका सुरात उत्तर दिले, "आमचीच!" उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावलेली दमणगंगा आमच्या प्रदेशातूनच पुढे दमणला येते. त्याच नदीकडे पाहून आजोबा काही वेळ गप्प राहिले. २८ ऑगस्ट २००३ रोजी दोन्ही दमणांना जोडणारा पूल कोसळला आणि शाळेतून घरी निघालेली मुले नदीत गेली, एवढेच त्यांनी सांगितले. इतका वेळ चाललेली मुलांची कुजबूज आपोआप थांबली.

पुढे बॉम जेझस चर्च. त्याचे अभिषेकविधी १६०३ साली झाले. आत लाकडावर कोरलेल्या संतांच्या मूर्ती पाहताना मुलांचे डोळे विस्फारले. समोरच्या रोझरीच्या कपेलातील सोनेरी नक्षीकाम त्याहूनही नाजूक. जवळच पोर्तुगीज कवी बोकाज राहत असे ते घर. हा कवी १७८९ साली सैन्यातील अधिकारी म्हणून दमणला आला आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडून चक्क मकावला पळून गेला. हे ऐकून आमच्या मागल्या बाकावरच्या मंडळींना कवितेविषयी प्रथमच आदर वाटला असावा!

चालता चालता आजोबा मुलांशी एक खेळ खेळत होते. "सकाळी तोंड कशाने धुतले? साबणाने. तो शब्द पोर्तुगीज. खाल्ले काय? पाव आणि बटाटा. दोन्ही पोर्तुगीज. घराला कुलूप लावून खिशात काय टाकले? चावी. तीही त्यांचीच. आणि तुमच्या बाई महिनाअखेरीस वाट कशाची पाहतात?" "पगाराची!" मुले ओरडली. "तोही!" मी पुन्हा घड्याळ पाहिले. बारा वाजून गेले होते आणि तट चढावयाचा राहिला होता.

तटावर वारा छान होता. तेथे एका पायरीवर टेकून आजोबा म्हणाले, "दगड दाखवून झाले. आता जे दिसत नाही ते सांगतो." दमणच्या ख्रिस्ती घरांत एक बोली बोलली जात असे. तिचा पिंड पोर्तुगीज, पण ती येथील मातीत वाढलेली, गुजरातीच्या शेजाराने बदललेली. तिला ते 'लिंग्वा द काझा' म्हणत, म्हणजे घरची भाषा. त्यांची भावंडे वारली, नातवंडे परदेशी गेली. आता दिवसचे दिवस ती बोलण्याचा प्रसंग येत नाही.

आमच्या वर्गातला एक धीट मुलगा म्हणाला, "पण आजोबा, ती राज्यकर्त्यांचीच भाषा ना? गेली तर बरेच झाले की!"

मी त्याला दटावले खरे. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर माझ्याही मनात तेच आले होते. १६८४ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेने कोकणीच्या वापरावर बंदीचे फर्मान काढले, ही गोष्ट मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकली होती. ज्यांनी माझी मायबोली मोडू पाहिली, त्यांच्या भाषेसाठी मी का हळहळावे?

आजोबा रागावले नाहीत. "राज्यकर्त्यांची भाषा निराळी, बाळ. ती आम्हांला शाळेत शिकवीत. घरची बोली तोंडातून निघाली की मास्तर हसत आणि छडी उगारीत. 'हे मोडके बोलणे घरी ठेवा' म्हणत. राज्य त्यांचे होते. बोली माझ्या आईची होती."

यावर कोणी काही बोलले नाही. मी सर्वांना खाली उतरण्याची सूचना दिली. शेवटी उतरत होती ती खानवेलकडच्या वारली पाड्यातली एक विद्यार्थिनी. वर्गात ती क्वचितच तोंड उघडते. माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "बाई, मग माझी कणसरी का खोडली?"

प्रथम मला बोध होईना. मग एकदम आठवले. दिवाळीनंतर 'आमच्या गावातील सुगी' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. तिने लिहिले होते, 'आमच्या घरी कणसरी आली.' त्या शब्दावर मी लाल शाईची रेघ ओढून वर लिहिले होते: 'पीक आले'. वारली लोकांत कणसरी ही धान्याची देवता. खळ्यावरून घरात येते ते नुसते धान्य नव्हे, ती स्वतःच येते. हे मला ठाऊक नव्हते असेही नाही. पण मराठीच्या पेपरात 'प्रमाण' शब्द हवा, या एकाच विचाराने मी त्या घरातून देवी बाहेर काढली आणि तिच्या जागी पीक ठेवले. आजोबांच्या मास्तरांजवळ छडी होती, माझ्याजवळ लाल शाई होती. अंतर ते कितीसे?

माझ्या कोकणीचे दैव थोर. तिच्यासाठी माणसे झगडली, १९९२ साली तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. वारलीला तसे स्थान नाही. तिचा सारा भार पाड्यावरच्या आयांवर आणि अशा अबोल मुलींवर आहे. त्यांच्यापैकी एकीला मी आपला शब्द चुकीचा आहे असे शिकविले होते.

"चूक तुझी नव्हती, माझी होती," मी तिला म्हणाले. याहून अधिक मला सुचले नाही. तिने मान हलविली आणि पायऱ्या उतरून मैत्रिणींत मिसळली. निरोप घेताना आजोबांनी मला विचारले, "घरांत कोंकणी उलयतां मगो?" मी "हय" म्हटले. मात्र माझ्या मुलाशी मी कोकणीत किती बोलते, हा प्रश्न परतीच्या वाटेवर माझ्या शेजारीच बसून होता.

दुसऱ्या दिवशी मी ती वही मागून घेतली. लाल रेघ पुसता येत नाही. म्हणून समासात लिहिले, 'कणसरी हा शब्द योग्य आहे,' आणि खाली सही केली. नंतर वर्गाला 'दमणची सहल' हा निबंध दिला आणि प्रत्येकाने आपल्या घरचा निदान एक शब्द अर्थासह त्यात आणावा असे सांगितले. वारली, धोडिया, कोकणा, गुजराती, अहिराणी, असे कितीतरी शब्द फळ्यावर आले. प्रमाण मराठी मी पूर्वीसारखीच कसून शिकविते; परीक्षेत आणि पुढे जगात मुलांना तिचा आधार हवाच. पण हल्ली घरचा शब्द दिसला की मी तो खोडीत नाही. त्याच्याखाली रेघ ओढून समासात विचारते, 'याचा अर्थ सांग.'

विद्यार्थी मित्रहो, मोटी दमणला अवश्य जा. तट पाहा, कपेलातील नक्षी पाहा. आणि हा अंक घरी नेल्यावर आजीजवळ बसून तिला तिच्या लहानपणचे चार शब्द विचारा. आमच्या वेळापत्रकात त्या पायरीवरील गोष्टीसाठी वेळ राखलेला नव्हता. शिदोरी सोडावयास आम्हांला दीड वाजला. भुकेची तक्रार मात्र कोणी केली नाही.